पीस कुणाचा?

'यादों की बारात'ची रेकॉर्ड १९७३ साली आली. श्रेयनामावलीत राहुलदेव बर्मन होते, मजरूह सुलतानपुरी होते, आशा भोसले आणि महंमद रफी होते. 'चुरा लिया है'च्या सुरुवातीला काचेचा पेला किणकिणतो आणि पाठोपाठ गिटार येते. ती गिटार वाजवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. यात त्या वेळी कुणाला वावगंही वाटलं नसावं, कारण रिवाजच तसा होता.

जगात इतरत्र गिटारवेड्यांची भांडणं श्रेष्ठत्वावरून होतात. 'गिटार वर्ल्ड' या अमेरिकन मासिकाने शंभर सर्वोत्तम सोलोंची यादी छापली, लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'ला पहिला क्रमांक दिला आणि पिढ्यानपिढ्या पुरेल एवढं इंधन पुरवून ठेवलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हिंदी गाण्यांच्या दर्दी मंडळींचा वाद याच्या एक पायरी अलीकडे अडतो. पीस सुंदर आहे यावर एकमत असतं. तो वाजवला कुणी, यावर चहाचे दोन-दोन कप संपतात. 'चुरा लिया'साठी बहुतेक जण भूपिंदर सिंग यांचं नाव घेतात, कुणी भानू गुप्तांचं पुढे करतो. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणात एकाच वेळी अनेक गिटारी असत, हे कळलं की दोन्ही पक्षांना नवा जोर चढतो.

गिटार हिंदी गाण्यात आली ती आधी आडवी. हवाईयन गिटार मांडीवर ठेवून तारांवरून पोलादी दांडी सरकवायची. त्यातून निघणारी मींड आपल्या कानाला परकी वाटली नाही. मूळचे लखनौचे वॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी हे वाद्य विजेवर चालवलं आणि लोकप्रिय केलं. शिपली आणि पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्या सिनेगीतांच्या वाद्यधुनींच्या रेकॉर्डी घरोघर वाजल्या. इथे एक गंमत दिसते. मूळ गाण्यात वाजवणारा निनावी राहायचा. त्याच गाण्याची नुसती धून वाजवून रेकॉर्ड काढली, की लेबलावर वादकाचं नाव ठळक छापलं जायचं. म्हणजे नक्कल करणाऱ्याला नाव होतं आणि अस्सल वाजवणाऱ्याला फक्त शिफ्टचे पैसे.

हवाईयन गिटार शास्त्रीय मैफलीपर्यंतही पोचली. ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९६७ साली केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी अनेक मराठी घरांत शास्त्रीय संगीताची पहिली ओळख ठरली.

उभी, म्हणजे स्पॅनिश गिटार तोवर गाण्यात बहुतेक वेळा मागे उभी राहून कॉर्ड धरत असे. १९६६ च्या 'तीसरी मंझिल'ने तिला पुढे आणलं. त्या गाण्यांतल्या लीड गिटारसाठी दिलीप नाईक यांचं नाव घेतलं जातं. या सुमाराचं ध्वनिमुद्रण कसं होई, हे लक्षात घेतलं तर वादाचं मूळ सापडतं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा फेमसमध्ये गायक, व्हायोलिनांचा ताफा, तालवाद्यं, गिटारी, सगळे एकाच वेळी वाजवत. संगीतकाराची चाल, संयोजकाने लिहून दिलेले मधले वाद्यतुकडे, आणि त्यात वादकाने आयत्या वेळी घातलेली एखादी हरकत. राहुलदेव यांच्याकडे बासू चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग हे संयोजनाचे आधारस्तंभ होते, तालाची बाजू मारुतीराव कीर सांभाळत. त्या गर्दीत चार मात्रांची हरकत नेमकी कुणाच्या डोक्यातून आली, याची नोंद कोण ठेवणार? शिफ्ट संपली की मंडळी दुसऱ्या स्टुडिओकडे पळत.

जे काही कळतं ते वादकांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींतून. 'अमर प्रेम'मधल्या 'चिंगारी'च्या गिटारची भानू गुप्तांनी सांगितलेली गोष्ट त्यांतली सर्वांत लाडकी. कॉर्ड धरताना बोट चुकलं, भलताच सूर उमटला, आणि तो ऐकून राहुलदेव यांनी तेच पुन्हा वाजवायला लावलं. असल्या गोष्टी सांगता सांगता गोल गुळगुळीत होतात हे मान्य, पण ही खरी वाटते, कारण त्या गाण्याचा उदास रंग त्या अनपेक्षित सुरातच आहे. 'शोले'त अमिताभच्या ओठांवर असलेला माउथ ऑर्गनही भानू गुप्तांनीच वाजवलेला. भूपिंदर दिल्लीच्या आकाशवाणीतून आले, १९६४ च्या 'हकीकत'मध्ये मदनमोहन यांच्याकडे गायले आणि 'दम मारो दम'च्या सुरुवातीच्या गिटारमुळे वादकांच्या दुनियेत अमर झाले. ते गायक होते म्हणून त्यांचं नाव तरी उरलं. नुसत्या गिटारिस्टला ही सोय नव्हती.

आणि गोरख शर्मा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ, ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मांचे चिरंजीव. १९८० च्या 'कर्ज'मधली 'एक हसीना थी'ची गिटार त्यांची. हिंदी सिनेमात गिटारच्या पीसवर अख्खं कथानक टांगल्याचं दुसरं एवढं ठळक उदाहरण नसेल: नायक ती धून वाजवतो आणि त्याला मागचा जन्म आठवतो. धुनीचा उगम जॉर्ज बेन्सन यांच्या १९७८ च्या 'वी ॲज लव्ह'मध्ये आहे, हे जाणकार लगेच काढतात. त्यावर प्रतिपक्ष म्हणतो, असेना. वाजवणं तर गोरखजींचं आहे. या एका पीसमध्ये वादाचे सगळे धागे गुंततात. चाल बेन्सनच्या रेकॉर्डवरची, संयोजन लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, बोटं गोरख शर्मांची आणि पडद्यावर चेहरा ऋषी कपूरचा.

आता ठाण्याकडे यायला हवं. मुंबईतली घरं परवडेनाशी झाल्यावर दादर-गिरगावातली मराठी कुटुंबं सत्तर-ऐंशीच्या दशकांत मोठ्या संख्येने ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला सरकली. सोबत त्यांनी ट्रान्झिस्टर आणि गाण्याचं वेड नेलं. विविध भारतीचा निवेदक गायक, गीतकार, संगीतकार सांगायचा आणि थांबायचा. गडकरी रंगायतन १९७८ साली उभं राहिलं. पुढे कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर झालं. नाटकांच्या जोडीला या सभागृहांत वाद्यवृंदांचे कार्यक्रम होऊ लागले. त्याआधीपासून गणेशोत्सवाच्या मांडवांत ऑर्केस्ट्रा होताच.

ऑर्केस्ट्राची कसोटी क्रूर होती. गायक थोडा इकडेतिकडे झाला तर लोक चालवून घेत. सुरुवातीचा पीस रेकॉर्डसारखा हुबेहूब आलाच पाहिजे. पहिल्या दोन सुरांवर गाणं ओळखून टाळी पडली नाही, तर गिटारिस्टची पुढची सुपारी धोक्यात. नोटेशन मिळत नसे. रेकॉर्डची सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची, कॅसेट आली तेव्हा रिवाइंड करून टेप झिजवायची, असं करत हे पीस कानाने उतरवले गेले. वाद्यासाठी धोबी तलावला फुर्टाडोजच्या दुकानापर्यंत जायचं किंवा कोलकात्याची गिवसन गिटार घेऊन काम भागवायचं. परदेशी गिटार आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. पण या कार्यक्रमांत एक गोष्ट घडली, जी स्टुडिओने कधी केली नव्हती. निवेदक माइकवर वादकाचं नाव घेऊ लागला. पीस संपला की दिवा गिटारिस्टवर पडायचा आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे. गडकरीतल्या प्रेक्षकाला 'कर्ज'च्या धुनीचा वादक म्हणून पहिल्यांदा जो चेहरा दिसला, तो ऑर्केस्ट्रातल्या मुलाचा होता.

ठाण्यात हे सगळं घडावं यात एक वेगळी मौज आहे. याच गावाने गीतकार पी. सावळाराम यांना नगराध्यक्षपदी बसवलं आणि त्यांच्या नावाने पालिकेचा पुरस्कारही सुरू झाला. गाणं लिहिणाऱ्याचं एवढं कौतुक करणाऱ्या शहराला त्या गाण्यांत वाजवणाऱ्यांची नावं कधी नीट कळलीच नाहीत.

इंग्रजी रॉक ऐकणाऱ्यांचा एक छोटा पंथही या शहरांत होता. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी भरवलेल्या इंडिपेंडन्स रॉकसाठी ही पोरं धोबी तलावच्या रंगभवनला जायची आणि शेवटची कल्याण लोकल चुकू नये म्हणून शेवटच्या बँडच्या मध्येच उठायची. त्यांच्यातला वाद 'हॉटेल कॅलिफोर्निया' की 'कम्फर्टेबली नम' असा, जगासारखाच. तरी गंमत अशी की नावाचा घोळ तिथेही होता. बीटल्सच्या १९६८ च्या 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मधला सोलो एरिक क्लॅप्टनचा, आणि अल्बमवर त्याचं नाव छापलं नव्हतं. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स बांद्र्याच्या एमएमआरडीए मैदानावर 'कम्फर्टेबली नम' गायले, तेव्हा डेव्हिड गिलमोरचा सोलो स्नोई व्हाइट आणि डेव्ह किलमिन्स्टर यांनी वाजवला. हजारो लोकांनी माना डोलावल्या. गिलमोर नव्हता म्हणून कुणी पैसे परत मागितले नाहीत.

हिंदी सिनेमात परिस्थिती बदलायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. ए. आर. रहमान यांनी कॅसेटच्या वेष्टनावर वादकांची नावं छापायला सुरुवात केली. २००८ मध्ये ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' हे मुंबईच्या स्टुडिओ वादकांवरचं पुस्तक आलं आणि वादाला प्रथमच थोडा कागदी आधार मिळाला. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायकांनी आपली संस्था काढली. पुढे तिच्या नावात वादकही सामावले गेले. जानेवारी २०१८ मध्ये गोरख शर्मा आणि भानू गुप्ता काही दिवसांच्या आत गेले. तेव्हाही बातम्यांना त्यांची ओळख गाण्यांची नावं घेऊनच करून द्यावी लागली.

स्टुडिओतून ऑर्केस्ट्रात आलेले हे पीस तिथेच थांबले नाहीत. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या भोवती आगरी-कोळ्यांची गावं आहेत. हळद, साखरपुडा, गणपती, गोविंदा यांतलं एकही बेंजोशिवाय होत नाही. हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केलं, तायशोगोतो नावाने. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हाताने दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून आलं, भजनात आणि कव्वालीत बसलं, मग त्याला पिकअप लागला आणि ते टेम्पोवर चढलं. बटणाने सूर पक्का बांधलेला असल्यामुळे गिटारसारखी तार ओढून सूर वाकवता येत नाही. म्हणून बेंजोवाला लगतच्या बटणांवर बोटं नाचवतो आणि आघातांची इतकी दाटी करतो की ओढलेल्या सुराचा भास होतो. 'कर्ज'ची धून अशी ऐकल्यावर ती मूळ गिटारवर जरा मवाळच वाटते, असं म्हणणारे कल्याणला भेटतील.

विसर्जनाच्या दिवशी नाक्यावर दोन बेंजो पार्ट्या समोरासमोर आल्या की श्रेष्ठ कोण, याचा निकाल नाचणारे देतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी त्याला रात्री दहाची वेळ घातली, वर्षातले मोजके सणाचे दिवस सोडून. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल सरकारला खडसावलं. निकाल योग्यच होता. भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे बेंजोही ऐकू येत नाही.

त्याच वर्षी, निकालानंतर महिनाभराने, डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधव यांचा 'बँजो' हा हिंदी सिनेमा प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कहून एक गायिका मुंबईत येते, कारण तिने एका ध्वनिफितीवर बेंजो ऐकलाय आणि तो वाजवणारा निनावी माणूस तिला शोधायचाय. नायक रितेश देशमुख, संगीत विशाल-शेखर, नायिका नर्गिस फाखरी, ही नावं कुणीही सांगेल. त्या गाण्यांत प्रत्यक्ष बेंजो कुणाच्या हातचा, हे डोंबिवलीच्या एखाद्या बेंजो पार्टीत विचारून पाहावं. तीन नावं निघतील आणि तिघांचेही साक्षीदार तिथेच हजर असतील.