रिकामं झालेलं गाव पुन्हा कसं वसलं

सोसायटी म्हटलं की आपल्याला आठवतो मेंटेनन्स, पाण्याची टाकी, पार्किंग आणि वार्षिक सभेतली वादावादी. पण चार माणसांनी एकत्र येऊन एखादी जागा 'आपली' म्हणायची, यात केवढी ताकद असते हे कधीकधी लांबचं उदाहरण पाहिल्यावर कळतं. म्हणून या रौप्यमहोत्सवी अंकात वेल्समधल्या एका चिमुकल्या गावाची ही हकिकत.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ देश. इंग्लंडला अगदी खेटून आहे, पण त्याची भाषा इंग्रजीहून सर्वस्वी निराळी. त्याच्या वायव्य टोकाला लीन नावाचं द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं आहे. तिथे तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र अशा खोल दरीत हे गाव वसलंय. दरीचं नाव नान्त गुर्थेयर्न. गुर्थेयर्न नावाचा जुना राजा शत्रूपासून पळून इथे लपला होता, अशी दंतकथा आहे. दुसरी कथा मायनिर नावाच्या नवरीची. लग्नाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे ती गंमत म्हणून लपली ती ओकच्या पोकळ खोडात, आणि तिथेच अडकली. पुढे कित्येक वर्षांनी वीज पडून झाड दुभंगलं तेव्हा आत तिचा सांगाडा सापडला म्हणतात.

दरीत पूर्वी थोडीफार शेती आणि मासेमारी चालायची. १८६१ मध्ये डोंगरात ग्रॅनाइटची खाण सुरू झाली आणि सगळं बदललं. त्या काळी लिव्हरपूल, मँचेस्टरसारखी शहरं झपाट्याने वाढत होती. घोडागाड्यांच्या रहदारीला टिकतील असे रस्ते हवे होते आणि त्यासाठी ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे लागायचे. कारागीर हातोडीने एकेक ठोकळा घडवत. मग तो माल रुळांवरच्या डब्यांतून उताराने खाली धक्क्यावर यायचा आणि तिथून जहाजाने शहरांकडे रवाना व्हायचा. गावात उतरायला नागमोडी, भलताच चढाचा एक रस्ता होता. त्यामुळे ये-जा आणि मालवाहतूक यांचा मोठा भार समुद्रावरच असायचा.

१८७८ मध्ये कंपनीने कामगारांसाठी दगडी घरांच्या दोन रांगा बांधल्या. एकीचं नाव 'सागरदर्शन' आणि दुसरीचं 'गिरिदर्शन' या अर्थाचं. आपल्या इमारतींना शोभावीत अशीच नावं, नाही का! दोन डझनांच्या आसपास घरं, त्यांना लागून प्रार्थनामंदिर आणि व्यवस्थापकाचं मोठं घर. भरभराटीच्या काळात इथे दोनशेच्या आसपास माणसं राहत होती. १९०८ मध्ये शाळाही सुरू झाली.

पण घर कंपनीचं, काम कंपनीचं, धक्काही कंपनीचा. पुढे मोटारी आल्या, डांबरी रस्ते आले, आणि दगडी ठोकळ्यांना कोणी विचारेना. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गावची मुख्य खाण बंद पडली. १९४८ मध्ये शाळा बंद झाली. १९५९ मध्ये शेवटचं कुटुंब निघून गेलं. पुढे छपरं कोसळली, दारं-खिडक्या गेल्या, चुलीच्या जागी गवत उगवलं. भिंती भक्कम होत्या, पण त्यांना आपलं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

इथवरची गोष्ट जगातल्या शेकडो खाणगावांची आहे. वेगळेपण पुढे आहे.

१९७० च्या सुमारास डॉ. कार्ल क्लाउज डोंगराच्या पलीकडच्या लानाईलहायर्न गावी डॉक्टर म्हणून आले. वाढले मँचेस्टरमध्ये, आई वेल्श. त्या गावची शाळा बंद व्हायची वेळ आली होती आणि रोजगार नसल्याने तरुण बाहेर पडत होते. गावकऱ्यांनी लढून शाळा वाचवली आणि १९७४ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली. गावाच्या मालकीची अशी सहकारी संस्था ब्रिटनमधली पहिलीच मानली जाते. सहकार हा शब्द आपल्या इतका ओळखीचा, की त्याचं अप्रूप वाटत नाही. तिथे मात्र ती नवलाई होती.

याच धडपडीतून ओसाड दरीकडे लक्ष गेलं. वेल्श भाषेची तेव्हा काळजी वाटावी अशी स्थिती होती. १९११ च्या जनगणनेत ४३ टक्क्यांहून अधिक लोक ती बोलत, १९६१ पर्यंत हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. नोकरीधंद्यासाठी आणि मुलांसाठी भाषा शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना जागाच नव्हती. मग या पडक्या गावातच भाषेची निवासी शाळा का काढू नये? त्यासाठी विश्वस्त संस्था उभी राहिली, निधी जमवला गेला आणि १९७८ मध्ये अख्खं गाव पंचवीस हजार पौंडांना विकत घेतलं. घरं एकेक करून दुरुस्त झाली. १९८२ मध्ये पहिला वर्ग भरला, तेव्हा विजेसाठी जनरेटर लावावा लागला होता.

त्यानंतर हजारो माणसं इथे राहून वेल्श शिकली. आज त्याच घरांत शिकणारे उतरतात. प्रार्थनामंदिरात गावाचा इतिहास मांडलाय, एक घर १९१० च्या सुमाराच्या खाणकामगाराच्या घरासारखं सजवलंय आणि उपाहारगृहाला मायनिरचं नाव दिलंय. डोंगरावर खाणीच्या पायऱ्या आणि उताराच्या खुणा अजून दिसतात. ज्या दरीत नवरी हरवल्याची गोष्ट सांगतात, तिथे आता लग्नंही लागतात.

१८७८ चे दगड, १८७८ च्याच भिंती. बदलली ती फक्त मालकी. कंपनीची गरज संपली तेव्हा गाव ओस पडलं, आणि लोकांनी एकत्र येऊन ते आपलं म्हटलं तेव्हा पुन्हा दिवे लागले. पुढच्या वार्षिक सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबावं लागलं, तर त्या दरीची जरूर आठवण काढा. आणि हो, वेळेवर या!