पुतळ्याच्या पोटातले लाकूड

श्रोतेहो, चौकातला पुतळा आपण येताजाता पाहतो. तो कोणाचा, कोणी घडवला, अनावरण कोणाच्या हस्ते झाले, हे सगळे खालच्या पाटीवर लिहिलेले असते. पण घडत असताना तो उभा कशाच्या जोरावर राहिला, हे मात्र कुठल्याच पाटीवर सापडत नाही. आज या न दिसणाऱ्या आधाराचा, म्हणजे सुताराच्या कामाचा, थोडा इतिहास पाहू.

ओतीव पुतळा एकदम धातूत जन्माला येत नाही. तो आधी ओल्या मातीत घडतो. मातीवरून प्लास्टरचा साचा काढतात, साच्यातून प्लास्टरची प्रत निघते, आणि त्या प्रतीवरून ओताऱ्याचा साचा तयार होतो. आता ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. एखादा हात पुढे केलेला माणूस नुसत्या मातीत घडवला, तर सकाळी तो हात जमिनीवर पडलेला दिसेल! म्हणून आत सांगाडा लागतो. लोखंडी सळ्या, लाकडी दांडे आणि तारेने जागोजाग लोंबकळत ठेवलेल्या लाकडी फुल्या. या फुल्यांना माती धरून राहते, घसरत नाही. लाकडाला आधी लाखेचे रोगण द्यावे लागते. नाहीतर ते पाणी पिते, फुगते आणि वरची माती तडकते.

साच्याचीही तीच गत. मोठ्या साच्याचे तुकडे करावे लागतात. तुकडा वाकला, की पुढे त्याचा जोड जुळत नाही. म्हणून पाठीमागून पट्ट्या ठोकून, प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाने त्या बांधून टाकतात.

घोड्यावरचा पुतळा तर सगळ्यांत कठीण. घोड्याचे आणि स्वाराचे सारे वजन चार बारीक पायांवर येते. ब्राँझचे पाय ते पेलतात, मातीचे पाय पेलत नाहीत. मग पोटाखाली एक भक्कम खांब उभा करतात. ओतकाम झाले की खांबाचे काम संपते, आणि पाहणाऱ्याला वाटते, घोडा आपल्याच पायांवर उभा राहिला.

ही अडचण जगभरच्या शिल्पकारांना पडली आहे. इटलीतील मिलान शहरी लिओनार्दो दा विंचीने एका प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना १४९३ साली तयार केला. माद्रिदच्या ग्रंथालयात १९६० नंतरच्या दशकात त्याच्या हरवलेल्या वह्या सापडल्या. घोड्याच्या डोक्याच्या साच्याला आवळून धरणारा सांगाडा आणि वजन हलवण्यासाठी लाकडी चौकट यांची चित्रे त्यांत आहेत. म्हणजे ओतण्याच्या आधीच हलवण्याचा विचार! पण घोड्यासाठी जमवलेले ब्राँझ १४९४ मध्ये तोफांसाठी गेले, आणि १४९९ साली फ्रेंच तिरंदाजांनी तो मातीचा घोडा नेमबाजीला वापरला. योजना चांगली होती, पण काळ अनुकूल नव्हता.

आता आपल्याकडे या. आम्ही जुईनगरला राहतो. इथल्या खाडीने खाली समुद्राकडे गेले म्हणजे घारापुरी लागते. तिथे एकाच दगडातला एक मोठा हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८१४ साली त्याचे डोके आणि मान गळून पडली. पुढे १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलतानाच साधन तुटले आणि हत्तीचे तुकडे झाले. दोष नुसत्या साखळदंडाचा नव्हे. तो दगड हलवायचा म्हणून कोणी घडवलाच नव्हता. त्याला पेलायचे कुठे, दोर आवळायचा कुठे, याची सोय घडवणाऱ्याने करण्याचे कारणच नव्हते.

याच्या उलट गोष्ट विनायक पांडुरंग करमरकरांची. अलिबागजवळच्या सासवण्याचे हे शिल्पकार १८९१ साली जन्मले. मुलाचा हात पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मार्ग दाखवला. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. उंची सुमारे साडेतेरा फूट, वजन आठ टनांच्या घरात. तो माझगावच्या गोदीत ओतला गेला आणि १६ जून १९२८ रोजी पुण्यात त्याचे अनावरण झाले. मध्ये बोरघाट! चढ, वळणे आणि बोगदे. आठ टनांचा घोडा एवढ्या वाटेने न्यायचा, तर गादी कुठे, पाचर कुठे आणि टेकू कुठे, हे निघायच्या दिवशी ठरवून भागत नाही. आकार मनात येतो त्याच दिवशी आधारही मनात यावा लागतो. पुतळ्याखाली करमरकरांचे नाव राहिले, आणि ते योग्यच आहे. पण असा प्रत्येक पुतळा पोचवण्यासाठी फळ्या कापणाऱ्यांची, पाचरी ठोकणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

शिक्षकबंधूंनो, मुलांना मुंबईच्या राणीच्या बागेत न्याल तेव्हा भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी थांबा. घारापुरीचा तो हत्ती १९१४ साली पुन्हा जुळवून उभा केला, तो तिथे आहे. वाघ-माकडांकडे धावण्याआधी मुलांना त्याच्या अंगावरचे सांधे शोधायला सांगा. मग शाळेत परतल्यावर शाडूचा एक घोडा करायला लावा. पहिला आधाराशिवाय, दुसरा आत काड्यांची फुली घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींकडे बघा. या भाषणात जे सांगितले, ते सारे मुलांना त्या दोन घोड्यांवरून आपोआप कळेल.