ई-सिगारेटवर बंदी आहे, मग मशेरीचे काय?

ई-सिगारेटवरील बंदी कायम ठेवावी, की सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी ती खुली करावी? हा वाद आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. कर्जत आणि खालापूरच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात हे यंत्र दिसते. तिथे वाढप, साफसफाई करणारी आपली मुले ते पाहतात आणि "यात तंबाखू नसते, नुसती वाफ असते" असे आम्हालाच समजावून सांगतात. म्हणून कायदा, शास्त्र आणि आपल्या भागाची स्थिती एकत्र मांडत आहोत.

ई-सिगारेट म्हणजे काय

हे बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. त्यातला द्रव तापतो आणि त्याचे सूक्ष्म थेंब श्वासातून आत जातात. द्रवात बहुतेक वेळा निकोटीन असते. शिवाय प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन आणि फळांचे, मिठाईचे, पुदिन्याचे स्वाद. तंबाखू जळत नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास टळतात. पण व्यसन लावतो तो निकोटीनच, आणि तो इथेही आहे. त्यामुळे 'नुसती वाफ' हे म्हणणे खरे नाही.

कायदा काय सांगतो

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑनलाइन विक्रीही यातच येते. ओढणाऱ्यासाठी मात्र शिक्षेचे स्वतंत्र कलम नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. मुलाच्या दप्तरात असे यंत्र सापडले, तर त्याला गुन्हेगार ठरवण्याआधी ते त्याला कोणी विकले याचा शोध घ्यावा.

परवानगी मागणाऱ्यांचे म्हणणे

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा पर्याय सुचवते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानुसार, निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा निकोटीनयुक्त ई-सिगारेट वापरणाऱ्यांपैकी जास्त लोकांची सिगारेट सुटते. त्यांचा दुसरा सवाल अधिक बोचरा आहे. जास्त घातक असलेली विडी-सिगारेट टपरीवर उघड मिळते आणि तुलनेने कमी घातक वस्तूवर बंदी, हा कुठला न्याय? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्के करण्याचे ठरवले, हे पाहता या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही.

बंदीच्या बाजूचे म्हणणे

गोड स्वाद आणि रंगीत यंत्रे कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलांना ओढून घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कारणासाठी सर्व देशांना तातडीने पावले उचलण्याचे आवाहन केले. ब्रिटननेही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटची विक्री बंद केली. ऑस्ट्रेलियाने त्या फक्त औषधांच्या दुकानापुरत्या ठेवल्या. २०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या आजाराने अनेक लोक दगावले, तो दाखला मात्र जपून द्यावा. त्यातली बहुतेक प्रकरणे गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडली गेली होती. बंदीचे समर्थन करायचे तर खऱ्या माहितीवरच करावे.

आपल्या तालुक्यांचा हिशेब

पर्याय म्हणायचे, पण कशाला पर्याय? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे होते फक्त ३.८ टक्के. तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे, गुटखा चघळणारे २४.४ टक्के. वीटभट्टीवर काम करणारी कातकरी बाई, बांधकामावरचा मजूर, खोपोलीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, आपल्याच वस्तीतली तव्यावर तंबाखू भाजून दात घासणारी आजी, यांच्यासाठी ई-सिगारेट कशाचाच पर्याय नाही. भूक मारायला आणि काम रेटायला त्यांनी धरलेली सवय ती आहे. ई-सिगारेट खुली झाली तर यांची तंबाखू सुटणार नाही. उलट त्यांच्या नातवंडांच्या हाती एक नवे व्यसन येईल.

दुसरीकडे, बंदी म्हणजेच उपाय असेही नाही. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोराला ठाऊक असते.

धम्माच्या नजरेने

पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, असे काही ज्येष्ठ आम्हाला सांगतात. नाव नसेल, पण दर तासाला हात खिशाकडे नेणारी ती तृष्णाच आहे. काही तरुण ई-सिगारेटला 'मध्यम मार्ग' म्हणतात. एका व्यसनाच्या जागी दुसरे धरणे म्हणजे मध्यम मार्ग नव्हे. व्यसनी माणसाला विहारात चारचौघांत टाकून बोलणे हाही धम्म नव्हे. तो सुटावा म्हणून त्याच्यासोबत उभे राहणे ही करुणा.

आमची भूमिका

बंदी कायम राहावी आणि कारवाई विकणाऱ्यावर व्हावी. पण तंबाखू सोडायची मदत गावात पोहोचल्याशिवाय ही बंदी अर्धीच आहे. आज हाताशी एवढे आहे:

• राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, १८००-११-२३५६. कॉल मोफत आहे.

• निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. निकोटीन देऊन तंबाखू सोडवण्याचे हे उपचार २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मागावेत. गरोदर स्त्रिया आणि हृदयरुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

• तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी करून घ्यावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. टाटा मेमोरियलचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे.

• शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणे आणि १८ वर्षांखालील मुलांना ती विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडता येतो.

वर्षावासात आपल्या विहारांत तीन महिने ग्रंथवाचन चालते. रोज संध्याकाळी तीच माणसे एकत्र बसतात. तंबाखू सोडणाऱ्याला नेमकी हीच सोबत लागते. वाचनानंतरची दहा मिनिटे त्याच्यासाठी ठेवावीत: आज किती वेळा तल्लफ आली, किती वेळा टाळली. पुरुषांनी तेवढेच बोलावे आणि मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींनाही बोलू द्यावे. या वर्षावासात प्रत्येक विहारातून एक जरी माणूस तंबाखूमुक्त झाला, तरी सुरुवात झाली असे आम्ही मानू.