कोल्हापूरच्या ओसरीवर

पायाखाली शेणाने सारवलेली जमीन आहे आणि ती अजून ओली आहे. गोठ्यातून गाईचं हंबरणं ऐकू येतं, पण वासराचा आवाज कुठेच नाही. ते काही दिवसांपूर्वी गेलं. तुम्ही सतराव्या शतकातल्या कोल्हापुरात आहात, एका ब्राह्मणाने आसरा दिलेल्या कुटुंबाच्या बिऱ्हाडात. कोपऱ्यात अंथरुणावर एक पोर पडली आहे. तिचं नाव बहिणा, पुढे संत बहिणाबाई म्हणून ओळखली जाणारी.

तिच्याकडे नीट पाहा. 1628 मध्ये वेरूळजवळच्या देवगावात कुलकर्ण्याच्या घरी ती जन्मली. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न लागलं, तेव्हा नवरा तिशीचा होता. शिऊरचे गंगाधर पाठक, वेद जाणणारे भिक्षुक. पुढे भाऊबंदकीच्या कटकटींनी सगळ्यांना गाव सोडायला लावलं आणि फिरत फिरत ते इथवर आले. इथे दान मिळालेल्या कपिला गाईच्या वासराला बहिणेचा असा लळा लागला, की ती कीर्तनाला निघाली तरी ते मागोमाग यायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून कुणी वासराला बाहेर काढलं. ते हंबरू लागलं, ही रडू लागली, आणि स्वामींनी त्याला आत बोलावून घेतलं. गावभर चर्चा झाली. ती नवऱ्याच्या कानी गेली. त्याने तिला मारलं, बांधून घातलं. गाय-वासराने चारापाणी सोडलं.

तिच्या पाठीवरचे वळ पाहून मान फिरवू नका. पुढचं सगळं या वळांसकट घडतं.

वासरू गेल्यावर बहिणेची शुद्ध हरपली होती. आता पहाटे ती डोळे उघडते. कीर्तनात ज्यांची पदं ऐकली ते देहूचे तुकोबा स्वप्नात आले, डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला, असं ती सांगते. प्रत्यक्षात तिने त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

या क्षणी तिच्या शेजारी बसून विचार करा. ही बाई आहे. वेद तिच्या कानावरही पडू नये, अशी तिच्या घरातली शिकवण. ज्यांनी मंत्र दिला ते तुकोबा वाणी, म्हणजे शास्त्र्यांच्या लेखी शूद्र. शूद्राने ब्राह्मणाच्या बायकोला मंत्र द्यायचा? अधिकार ना देणाऱ्याला, ना घेणारीला. हे तिला कुणी समजावून सांगायला नको; तिच्या हाडीमाशी ते भिनलेलं आहे. पुढे स्वतःच्या अभंगांत ती बाईच्या जन्माबद्दल कळवळून तक्रार करते. आपण पात्र आहोत असं वाटल्यावर ती उठली, असं झालंच नाही. पात्रतेचा प्रश्न जिथल्या तिथे ठेवून ती उठली. मला स्वप्नाहून ही सकाळ मोठी वाटते.

नवरा संतापतो. तिला पाहायला लोक जमतात, त्याने तो आणखी पेटतो. ती गरोदर आहे, तरी तो घर सोडून जायची तयारी करतो. आणि तोच तापाने अंथरुणाला खिळतो. दिवसरात्र त्याच्या उशाशी कोण बसलं आहे, ते तुम्ही पाहताच आहात. बरा होतो तो बदललेला माणूस.

मग देहू. इंद्रायणीच्या काठी ज्यांना स्वप्नात पाहिलं ते समोर उभे. पण मंत्र मिळाला म्हणून वाट सोपी होत नाही. तिथला मंबाजी गोसावी बहिणेला आणि तिच्या नवऱ्याला आपलं शिष्यत्व घ्यायला सांगतो. ती नकार देते, आणि छळ सुरू होतो. 1649-50 मध्ये तुकोबा गेले, तेव्हा ती जेमतेम एकविशीची होती.

आता एकदम पुढे या. 1700 साल. अंत जवळ आल्याचं जाणून तिने मुलाला, विठोबाला, बोलावून घेतलं आहे, आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत ती त्याला सांगते आहे. नवऱ्याचा मारही तिने आत्मचरित्राच्या अभंगांतून लपवला नाही. वारकरी परंपरेला देवळाची उपमा देणारा जो अभंग आपण लहानपणापासून ऐकतो, तो हिचा. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या फार नंतरच्या.)

आणि तिची ती पोथी हातात घ्या, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचा आशय तिने मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कशाने होतो, हा त्यातला प्रश्न. जन्माने नाही, देहाने नाही, जातीने नाही. ब्रह्म जाणण्याने, हे त्याचं उत्तर. वेद ऐकायची बंदी असलेल्या बाईने ते मराठीत लिहून ठेवलं आहे.