खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून

‘खातो भरपूर, पण अंगी लागत नाही,’ ही आपल्याकडच्या आयांची जुनी तक्रार. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जनच्या नजरेस असंच काहीसं आलं. अल्सरपायी जठराचा काही भाग काढून टाकलेल्या बायका पुढे बारीकच राहत. शस्त्रक्रियेचं ते वैगुण्य. मेसनने त्याचाच उपचार केला. १९६६ साली चिकाशी इतो यांच्या साथीने त्याने जठराच्या वरच्या टोकाचा लहानसा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडला. उरलेलं जठर पोटातच राहिलं, पण अन्नाच्या वाटेतून बाद झालं. हा गॅस्ट्रिक बायपास.

त्याआधीचे सर्जन जठर सोडून आतड्याला बगल देत. ही वाट १९५०च्या दशकात मिनेसोटात निघाली. पुढे तर वीसेक फुटांच्या लहान आतड्यातलं जेमतेम दीड फूट अन्नाच्या वाट्याला ठेवू लागले. वजन झरझर उतरे, पण जुलाब थांबत नसत, मूतखडे होत, काहींचं यकृतच निकामी होई. कित्येकांची जोडणी उसवून आतडं पूर्ववत करावं लागलं. ही पद्धत मागे पडली. ‘वजनाचं ऑपरेशन’ म्हटल्यावर आजही पोटात गोळा येतो तो तिच्यामुळेच असावा.

या शाखेचं नाव बॅरिअ‍ॅट्रिक. ग्रीक ‘बारोस’ म्हणजे वजन, ‘इयात्रोस’ म्हणजे वैद्य. या ‘बारोस’चं आणि जड या अर्थाच्या आपल्या ‘गुरु’चं मूळ एकच. गंमत अशी की चरकसंहितेने अतिस्थूल माणसाला सांगितलेलं अन्नही ‘गुरु’च आहे: पचायला जड, पण पोषण न करणारं. पोट भरावं आणि अंगी लागू नये, हा विचार तेव्हाचाच. सुरी तेवढी नवी.

आज सर्वाधिक होणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया तर अर्धवट सोडलेल्या कामातून आली. अतिशय वजनदार रुग्णांना लांबलचक ऑपरेशन झेपेना, म्हणून न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये यांनी २०००च्या सुमारास ते दोन टप्प्यांत विभागलं. पहिल्यात जठराचा बराचसा भाग काढून शर्टाच्या बाहीसारखी नळी ठेवायची, वजन उतरलं की आतड्याचं काम. पण बऱ्याच जणांना दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही.

तोवर सगळा हिशेब नळकाम करणाऱ्याचा होता: वाट अरुंद करा, नाहीतर आखूड करा. पण बायपासनंतर वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत, मधुमेह्यांची साखर खाली येई. वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली यावर लिहिलेल्या निबंधाचं शीर्षकच ‘कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचं आहे. १९९९मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक जठरात सापडलं. ते मुख्यतः जिथे तयार होतं, नेमका तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. म्हणजे जागा कमी होते तशी भूकही.

ही शस्त्रक्रिया कुणावर करावी, याची १९९१ची अमेरिकी शिफारस बीएमआय ४० किंवा मधुमेहासारख्या व्याधी असल्यास ३५, अशी होती. २०२२मध्ये ती सरसकट ३५वर आली. आशियाई लोकांसाठी मात्र २७.५ धरली, कारण आपल्याला या व्याधी कमी वजनावरच गाठतात.

एक गोष्ट मेसनच्या काळापासून तशीच आहे. बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि बी-१२ही धड अंगी लागत नाहीत. त्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.