कात्रजचें पाणी आणि गणिताची परीक्षा

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे घाट लागण्यापूर्वीं कात्रज लागतें. डोंगराच्या कुशींतलें हें गांव आज शहरांत पार मिसळून गेलें आहे. परंतु तेथील तळें अद्याप आपल्या जागीं आहे. भल्या सकाळीं त्या बाजूस गेल्यास, पाठीवर पुस्तकांचें ओझें घेतलेले विद्यार्थी शिकवणीच्या वर्गाकडे घाईनें जातांना दिसतात. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांसाठीं गणित आणि पदार्थविज्ञान या दोन विषयांचे प्रश्न सोडविण्याचा त्यांचा सराव चाललेला असतो. त्यांच्या पुस्तकांत द्रवाच्या दाबाचें एक प्रकरण हटकून असतें. त्या प्रकरणाचा एक उत्तम पाठ शेजारच्याच तळ्यांत व त्यांतून निघालेल्या नळांत दगडचुन्यानें बांधून ठेविलेला आहे, हें मात्र त्यांतील फारच थोड्यांच्या ध्यानांत येत असेल.

अठराव्या शतकाच्या मध्यास पुणें वाढूं लागलें. मराठी राज्याचा कारभार येथून चाले, नव्या पेठा वसत होत्या, आणि नदीचें व विहिरींचें पाणी पुरेनासें झालें होतें. तेव्हां बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांनीं कात्रज येथें आंबिल ओढ्याचें पाणी अडवून तळें बांधविलें आणि तें पाणी जमिनीखालून बांधीव नळानें शहरांत, थेट शनिवारवाड्यापर्यंत आणविलें. वाटेंत ठिकठिकाणीं हौद बांधले. काळा हौद त्यांपैकींच एक. या नळास पंप नव्हता कीं यंत्र नव्हतें. तळें उंचावर, शहर सखल भागांत, एवढ्याच भांडवलावर सारा व्यवहार चालला.

ही गोष्ट बोलावयास सोपी आहे, पण करावयास सोपी नाहीं. उतार फार दिला तर पाणी वेगानें धांवून चुन्याचें बांधकाम झिजवितें. उतार कमी पडला तर गाळ तळाशीं बसून मार्ग बुजवितो. बंदिस्त नळांत हवा कोंडली तर तीच पाण्याची वाट अडविते. म्हणून नळावर मधून मधून उंच दगडी धुराडीं उभारलेलीं असत. त्यांना उच्छ्वास असें मोठें समर्पक नांव आहे. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि गाळ काढण्यास माणसाला आंत उतरतांहि येई. जुन्या पेठांतून हिंडतांना एखादा उच्छ्वास श्रोत्यांपैकीं कांहींनीं पाहिलाहि असेल. ज्या कारागिरांनीं हें केलें त्यांनीं कोणतीहि लेखी परीक्षा दिली नव्हती. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जाई. काम टिकलें कीं नाहीं, हीच त्यांची परीक्षा, आणि काळ हाच परीक्षक.

या पद्धतींत एक मोठें उणें होतें. ज्याच्या घरांत ती विद्या नाहीं किंवा ज्याच्या पाठीशीं कोणी वजनदार मनुष्य नाहीं, त्याला तिच्यांत शिरकाव नसे. एकोणिसाव्या शतकांत लेखी परीक्षा आली ती हें कुंपण मोडीत आली. १८५४ सालीं पुण्यांत सरकारी बांधकामाच्या खात्यास लागणारीं माणसें तयार करण्यासाठीं एक इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. १८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. पुढें पुण्याचा तो वर्ग विश्वविद्यालयाशीं जोडला गेला, त्याचें सायन्स कॉलेज झालें, आणि १९११ पासून तें इंजिनियरिंग कॉलेज या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

त्या काळीं पुण्यांत गणित म्हटलें कीं केरो लक्ष्मण छत्रे यांचें नांव निघे. १८६० सालीं त्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध झालीं. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी. टिळकांनीं पुढें न्यू इंग्लिश स्कूलमध्यें व फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनींहि तेथें गणित शिकवून शाळांसाठीं अंकगणिताचें पुस्तक लिहिलें. आणि १८९१ पासून धोंडो केशव कर्वे त्याच कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. ज्यांचीं नांवें आज राजकारणांत व समाजकार्यांत घेतलीं जातात त्यांतील तिघांनीं आपली उमेद गणिताच्या फळ्यापुढें घालविली, ही पुण्याची विशेष गोष्ट होय.

परीक्षेनें कोणाचें दार कसें उघडलें याचें ठळक उदाहरण म्हणजे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. वडील लहानपणींच वारलेले; बंगलोरास मुलांच्या शिकवण्या करून त्यांनीं आपलें शिक्षण चालविलें. तेथें बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले, आणि १८८३ सालीं एल्. सी. ई. च्या परीक्षेंत पहिले आले. त्या क्रमांकाच्या बळावर दुसऱ्याच वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत त्यांना साहाय्यक इंजिनियरची जागा मिळाली. पुण्यांत त्यांचा मामा नव्हता कीं काका नव्हता. उत्तरपत्रिका हेंच त्यांचें शिफारसपत्र.

पण त्यांची खरी परीक्षा पुढें वीस वर्षांनीं झाली, आणि तीहि पुण्याच्या पाण्यावर. कात्रजचें पाणी वाढत्या शहरास अपुरें पडूं लागल्यावर मुठा नदीवर खडकवासल्याचें धरण बांधण्यांत आलें होतें. या धरणांतून पुराचें पुष्कळ पाणी सांडून वाहून जाई. तें अडवावें तर भिंत उंच केली पाहिजे. भिंत उंच करावी तर पुराच्या वेळीं तिच्यावरचा भार वाढून धोका. विश्वेश्वरय्यांनीं आपोआप उघडमीट करणारे दरवाजे योजिले, व ते १९०३ सालीं तेथें बसविले. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढलें कीं दरवाजे स्वतः उघडत. पातळी उतरली कीं स्वतः मिटत. वजनें आणि पाण्याचा भार यांचा समतोल हें त्यांतील तत्त्व. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत तें सर्वांनींच वाचलेलें असतें व परीक्षेंत त्यावर सर्वांनींच गुण मिळविलेले असतात. विश्वेश्वरय्यांनीं तें वाचून संपविलें नाहीं, एवढाच फरक.

परीक्षेच्या तयारीची मात्र पराकाष्ठा पाहावयाची असेल तर केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉसकडे वळलें पाहिजे. तेथें पहिल्या वर्गांत येणारांस रँग्लर म्हणत, व त्यांत जो पहिला तो सीनियर रँग्लर. सर्व उमेदवारांचे क्रमांक जाहीर होत, आणि पहिल्याचें नांव देशभर गाजे. अशा परीक्षेसाठीं कॉलेजांतील व्याख्यानें पुरत नसत. म्हणून खाजगी शिकवणारांचा एक वर्गच तेथें निर्माण झाला. एडवर्ड राउथ हे त्यांचे मुकुटमणि. त्यांच्या हाताखालून पंचवीसांहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. दर आठवड्यास नवी प्रश्नपत्रिका, ठराविक वेळेंत ती सोडविणें, आणि चुकलेलें पुन्हा मांडणें, हा त्यांचा क्रम होता. आजच्या शिकवणीच्या वर्गांतील सराव-परीक्षा ज्यांना नवीन वाटत असतील त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

या स्पर्धेंत कोंकणांतील एक मुलगा उतरला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ सालीं दापोलीजवळील मुर्डी या खेड्यांत झाला. कर्वे हे त्यांचे आप्त. शिक्षणाच्या काळांत कर्व्यांच्या घरचा आधार त्यांना लाभला. १८९१ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांतून पदवी घेतली. आणि हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति मिळवून १८९६ सालीं केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले. १८९९ च्या ट्रायपॉसमध्यें ते बर्टविसल नांवाच्या विद्यार्थ्याबरोबर सारख्या गुणांनीं पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ. तेव्हांपासून महाराष्ट्रांत रँग्लर हा शब्द त्यांच्या नांवाला असा चिकटला कीं आडनांवाआधीं तो उच्चारल्याशिवाय कोणी त्यांचें नांव घेईना.

येथपर्यंतची कथा घरोघर सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध तितकाच सांगण्यासारखा आहे. विलायतेस जाण्यापूर्वींच परांजप्यांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आजीव सेवेचें वचन दिलें होतें. पहिले आल्यावर मोठ्या मानाच्या व पगाराच्या वाटा त्यांना मोकळ्या झाल्या; वचन मोडण्यास सबबी पुष्कळ सांपडल्या असत्या. परंतु ते परत आले, आणि १९०२ सालीं महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. ट्रायपॉसच्या प्रश्नपत्रिकेंत हा प्रश्न नव्हता. त्याचें उत्तर त्यांनीं परीक्षेपूर्वींच लिहून ठेविलें होतें, आणि क्रमांक लागल्यावर तें खोडलें नाहीं.

आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ट्रायपॉसमधील क्रमांक म्हणजे गणितांतील योग्यता, असें समजणाऱ्यांना इतिहासानें वारंवार चकविलें आहे. १८५४ सालीं स्वतः राउथ पहिले आले आणि दुसरे आले जेम्स क्लार्क मॅक्सवेल. वीज, चुंबकत्व व प्रकाश यांचें नातें समीकरणांत बांधणारे जे मॅक्सवेल, तेच हे. पुढें लॉर्ड केल्व्हिन झालेले विल्यम टॉमसन १८४५ सालीं दुसरे होते. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन १८८० सालीं दुसरे होते. मिनिटागणिक गुण मिळविण्याची चपळाई आणि एकाच प्रश्नाशीं वर्षानुवर्षें झुंजण्याची चिकाटी, हे दोन निरनिराळे गुण आहेत. परीक्षेचा कांटा पहिल्याचें वजन करतो. दुसऱ्याचें वजन करण्यास त्याला वेळच नसतो.

हा दोष केंब्रिजलाहि अखेर पटला. १९०९ नंतर तेथें क्रमवारी जाहीर करणें बंद झालें. या जुन्या पद्धतीवर कडक टीका करणारांत गॉडफ्रे हार्डी हे होते; ते स्वतः १८९८ सालीं चौथे रँग्लर. याच हार्डींना १९१३ सालीं मद्रासहून एका कारकुनाचें पत्र गेलें. गणिताखेरीज इतर विषयांकडे लक्ष न दिल्यामुळें कॉलेजच्या परीक्षेंत नापास झालेला तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. परीक्षेनें ज्याला बाहेर ठेविलें त्याला परीक्षेवर टीका करणाऱ्यानेंच ओळखावें, हा योग विचार करण्यासारखा आहे.

महाराष्ट्रांतहि असें एक उदाहरण आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत विद्यार्थी असतां १९२७ सालीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळविलें. पदवीपुढील शिक्षण त्यांनीं घेतलें नाहीं. देवळालीस शाळामास्तर म्हणून त्यांचें आयुष्य गेलें. अंकांशीं खेळतां खेळतां त्यांना एक गंमत आढळली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी. आलेल्या संख्येचें पुन्हा तसेंच करावें. ३५२४ पासून आरंभ केल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढें कितीहि वेळां केलें तरी ६१७४ च. कोठूनहि निघा, जास्तींत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम हाच. ही संख्या आज जगभर कापरेकरांच्या नांवानें ओळखली जाते. पाटी-पेन्सिलीपलीकडे तिला कांहीं लागलें नाहीं. लागली ती केवळ ‘पुढें काय होतें’ हें पाहण्याची हौस.

स्वातंत्र्यानंतर देशांत मोठमोठ्या तंत्रशिक्षणसंस्था निघाल्या, आणि १९६१ च्या सुमारास त्यांच्या प्रवेशासाठीं देशव्यापी स्पर्धापरीक्षा सुरू झाली. आज ती दोन टप्प्यांत होते, राज्याची प्रवेशपरीक्षा निराळी असते, आणि जागांच्या मानानें उमेदवार अनेक पटींनीं असतात. कित्येक प्रश्नांत चार उत्तरांतून एक निवडावयाचें, आणि चुकल्यास मिळालेले गुणहि कापून जावयाचे, अशी रीत आहे. अशा ठिकाणीं वेग लागतो, सराव लागतो, कोणता प्रश्न सोडून द्यावा याचा विवेक लागतो. त्यांत हीन असें कांहीं नाहीं. विश्वेश्वरय्यांनीं व परांजप्यांनीं हा सराव केला होता, आणि तो केला नसता तर एक बंगलोरांत शिकवण्या करीत राहता व दुसरा कोंकणांत. गरिबाच्या मुलाला क्रमांक हा अद्यापहि शिफारशीवांचून उघडणारा दरवाजा आहे, हें घरांतील वडील माणसांनीं विसरतां कामा नये.

मात्र या इतिहासांतून तयारीचा क्रम कोणता तें स्पष्ट दिसतें. आधीं तत्त्व, मग सराव, आणि सर्वांत शेवटीं वेग. सूत्र पाठ करण्यापूर्वीं तें कोठून आलें हें एकदां तरी स्वतःच्या हातानें मांडून पाहावें. उत्तर आल्यावर त्याचें परिमाण व अदमास तपासावा. चुकलेलें गणित नव्या गणितापेक्षां अधिक मोलाचें मानावें. हा क्रम उलटला तर वेग वाढतो, परंतु प्रश्न थोडा बदलतांच पाय घसरतो. आणि एखाद्या मुलाचा क्रमांक हुकला, तर त्याच्याजवळ काय आहे याचा निकाल लागला असें घरच्यांनीं समजूं नये. तीन तासांत त्यानें काय दाखविलें, एवढेंच त्यांतून कळतें.

कात्रजच्या तळ्याकांठीं उभें राहून एक हिशेब करतां येतो. स्थिर पाण्यांत दर दहा मीटर खोलीस दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढतो; मग बांधाच्या तळाशीं दाब किती, आणि भिंत वरच्यापेक्षां खालीं जाड कां? हा प्रश्न कोणत्याहि परीक्षेंत येण्याजोगा आहे. ज्यांनीं तो बांध घातला त्यांना वातावरणाचा दाब हा शब्द ठाऊक नसेल. परंतु खालीं भार अधिक येतो हें त्यांना पक्कें ठाऊक होतें, आणि त्या ज्ञानावर पुण्याचीं कित्येक घरें पिढ्यान् पिढ्या पाणी प्यालीं. एखाद्या सुटीच्या दिवशीं पुस्तक मिटून मुलांना तेथवर नेऊन आणावें. परीक्षेच्या तयारींतून तेवढा वेळ वायां गेला असें त्यांना बहुधा वाटणार नाहीं.