ऑक्सिडेटिव्ह ताण : मोतीबिंदूच्या निमित्ताने

तंजावर : येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन करण्यात आल्या आहेत. रुग्णाची तक्रार, त्याच्यावर झालेले उपचार आणि सोबत विकारग्रस्त डोळ्यांची चित्रे, असे त्यांचे स्वरूप आहे. त्यांत मोतीबिंदूचे रुग्णही आहेत. डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ का होते, याचे उत्तर मात्र विसाव्या शतकातील जीवरसायनशास्त्राने दिले. त्या उत्तराच्या केंद्रस्थानी ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ आहे.

पेशींतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने अन्नापासून ऊर्जा मिळवतात. या प्रक्रियेत काही इलेक्ट्रॉन निसटतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी अतिक्रियाशील द्रव्ये निर्माण होतात. ती सर्वस्वी शत्रू नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी त्यांचाच वापर करतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज व कॅटलेज ही विकरे आणि ग्लुटाथायोन हे संयुग त्यांना आवर घालतात. निर्मिती वाढली किंवा बंदोबस्त दुबळा झाला, की मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा पोहोचते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण होय. धमनीकाठिण्य, मधुमेहातील गुंतागुंत आणि मज्जासंस्थेचे काही विकार यांतही त्याचा सहभाग आढळतो. तथापि, प्रत्येक वेळी तो रोगाचे कारण असतो की परिणाम, हे ठरविणे सोपे नाही.

भिंगाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. भिंगाला रक्तपुरवठा नसतो. त्याच्या गाभ्यातील पेशींमध्ये केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. त्यामुळे तेथील क्रिस्टलिन प्रथिने जन्मापूर्वी तयार होतात आणि आयुष्यभर बदलली जात नाहीत. ग्लुटाथायोन त्यांचे रक्षण करते. परंतु वय वाढते तसे ते गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. प्रथिनांचे ऑक्सिडीकरण होते, ती एकमेकांना चिकटतात आणि प्रकाश विखुरतो. अंड्याचा पारदर्शक बलक शिजल्यावर पांढरा व्हावा, काहीसे तसेच हे आहे. गेलेली पारदर्शकता परत येत नाही.

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि उन्हातील अतिनील किरणे ही प्रक्रिया वेगवान करतात. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती असो की विदर्भातील कापूस, दिवसभर उघड्यावर राबणाऱ्यांना शेवटचा मुद्दा अधिक लागू पडतो. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरणे अडविणारा चष्मा हा त्यावरील साधा उपाय. चुलीच्या धुराचाही मोतीबिंदूशी संबंध अभ्यासांत आढळला आहे.

‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांचा मात्र अनुभव निराशाजनक आहे. अमेरिकेत सुमारे साडेचार हजार व्यक्तींना सहा वर्षांहून अधिक काळ क व ई जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन यांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहण्यात आले. २००१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा मोतीबिंदूवर त्यांचा परिणाम दिसला नाही. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या चाचणीत तर बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. ते निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. जाहिरातींत हा भाग सहसा नसतो.

आहाराची गोष्ट वेगळी आहे. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या यांतून अनेक घटक मर्यादित प्रमाणात एकत्र मिळतात. ग्लुटाथायोन शरीर स्वतःच घडविते. त्यासाठी लागणारी अमिनो आम्ले डाळी, दूध, अंडी व मासे पुरवितात. नियमित व्यायामाने क्रियाशील द्रव्ये क्षणभर वाढतात खरी, पण त्यामुळेच पेशींची संरक्षक विकरे बळावतात. तंबाखू सोडणे आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे यांचा लाभ डोळ्यांपुरता मर्यादित राहत नाही.

एकदा पिकलेल्या मोतीबिंदूवर थेंब किंवा पथ्य चालत नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविणारी शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपचार आहे. मधुमेहींना मोतीबिंदू तुलनेने लवकर होत असल्याने त्यांनी वर्षातून एकदा नेत्रतपासणी करून घ्यावी.